साध्या सीबीसीत दडलेले आकडे

परंडा-भूमकडून पोटाच्या कॅन्सरचा पेशंट संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा पिशवीत तालुक्याच्या लॅबचे सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, कागद असतातच. घरचे विचारतात, ‘डॉक्टर, ऑपरेशन झेपंल का?’ उत्तराचा काही भाग त्याच कागदांत असतो.

रक्तावरून या आजाराचा अंदाज घेणं जुनं आहे. पॅरिसचे डॉक्टर त्रूसो यांनी 1865 मध्ये सांगितलं, की शिरेत वारंवार होणारी गुठळी ही पोटातल्या लपलेल्या कॅन्सरची खूण असू शकते. पुढे तीच खूण त्यांना स्वतःच्या अंगावर दिसली. 1867 मध्ये ते जठराच्या कॅन्सरनेच गेले. हे वाचताना मला आजही गलबलून येतं.

पुढे कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे पदार्थ सापडले: 1965 मध्ये मॉन्ट्रियलला सीईए, 1979 मध्ये फिलाडेल्फियात सीए 19-9. पण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दोन्ही बहुतेक वेळा नॉर्मलच येतात आणि धूम्रपानानेही सीईए वाढतं. म्हणून निदान दुर्बिणीने आणि तुकडा तपासूनच होतं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मला जास्त मोलाची वाटते ती स्वस्त वाट. जपानच्या ओनोदेरा यांनी 1984 मध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांचं गणित मांडलं: अल्ब्युमिन गुणिले 10, अधिक लिम्फोसाइटची संख्या गुणिले 0.005. अल्ब्युमिन 3 आणि लिम्फोसाइट 1200 असतील तर बेरीज 36. चाळीसच्या खाली आतडं कापून जोडणं टाळा, असं त्यांचं म्हणणं. 2001 मध्ये स्लोव्हाकियाच्या झाहोरेक यांनी अतिदक्षता विभागातल्या पेशंटांसाठी न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटने भागलं. न्यूट्रोफिल 75 टक्के, लिम्फोसाइट 15, तर गुणोत्तर 5. पुढे जठराच्या कॅन्सरच्या अनेक अभ्यासांत उपचारांआधी हे गुणोत्तर जास्त असलेले पेशंट कमी जगल्याचं दिसलं. सूज वाढलेली आणि गाठीशी लढणाऱ्या पेशी घटलेल्या, असा त्याचा अर्थ लावतात.

मात्र धोका कुठल्या आकड्यापासून, ही सीमारेषा प्रत्येक अभ्यासात वेगळी. शिवाय आपल्याकडे अल्ब्युमिन आजाराआधीच उपासमारीने उतरलेलं असू शकतं, साध्या जंतुसंसर्गानेही न्यूट्रोफिल चढतात. परक्या मुलखातला आकडा इथे जसाच्या तसा लावणं मला धोक्याचं वाटतं.

बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून आहे, ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली. परंडा आणि भूम तिच्यातच येतात. कार्यकर्ते गावोगाव फिरून पेशंट शोधतात. त्या नोंदींना उपचारांआधीचा सीबीसी आणि अल्ब्युमिन जोडता आलं, तर सीमारेषा आपल्याच माणसांवरून आखता येईल.