नेट नाही: कार्डाचं नाव बदललंय की ड्रायव्हरच नाही?

जुन्या मशीनमधली लिनक्सची एसएसडी काढून नव्या मदरबोर्डला लावली की बहुतेक वेळा ती निमूटपणे बूट होते. लॉगिन येतं, फायली जागच्या जागी असतात, फक्त नेट नसतं. मग लोक सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायला बसतात, आणि चालू सिस्टमचे हे हाल मला खरंच बघवत नाहीत. बिघाड बहुधा दोनपैकी एक असतो आणि त्यातला नेहमीचा तर एका शब्दाच्या बदलाने सुटतो.

तो नेहमीचा म्हणजे नाव बदलणं. २०१३ पासून सिस्टमडी (लिनक्स सुरू करून त्याच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) नेटवर्क कार्डाला त्याच्या जागेवरून नाव देतं. ‘ईएनपी३एस०’ (enp3s0) म्हणजे इथरनेट, पीसीआय बस (बोर्डावर कार्डं जोडणारी वाट) ३, स्लॉट ०. नव्या बोर्डावर त्याचं ‘ईएनपी५एस०’ किंवा ‘ईएनओ१’ होतं, सेटिंगच्या फाइलमध्ये मात्र जुनंच नाव राहतं. कार्ड धडधाकट असूनही त्याच्यासाठी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणी मागतच नाही. उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) अशा वेळी बूट होताना नेटवर्कची वाट बघत दोन मिनिटं अडकून बसतो. (बोर्ड तोच ठेवून नुसतं ग्राफिक्स कार्ड घातलं तरी बसचा आकडा सरकू शकतो, बरं का.)

दुसरा प्रकार म्हणजे कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) नेटवर्कच्या चिपचा ड्रायव्हरच नसणं. डेबियन १० (लिनक्सचा आणखी एक प्रकार) चा कर्नल ४.१९ चा, रिअलटेकची अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ ही चिप कर्नलला कळू लागली ५.४ पासून. इथे फाइलमध्ये कितीही नावं बदला, उपयोग शून्य.

पोर्टवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो दोन्ही वेळा लागलेला असू शकतो. ‘आयपी लिंक’ (ip link) ही कमांड द्या. ‘ईएन’ने सुरू होणारं अनोळखी नाव दिसलं आणि पुढे ‘डाउन’ असेल, तर उबुंटूवर नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये (डेबियनवर ‘इंटरफेसेस’मध्ये) जुन्याच्या जागी ते नाव घाला आणि रीबूट करा. नुसतं ‘एलओ’ (मशीनचं स्वतःशीच असलेलं अंतर्गत कनेक्शन) दिसलं, तर ‘एलएसपीसीआय’ला ‘के’चा पर्याय जोडून (lspci -k) चालवा. इथरनेट कंट्रोलरखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळच नसेल, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) सुरू करा आणि नवा कर्नल घ्या. सर्व्हरवर फोनच्या त्या जोडणीसाठीही आयपी हाताने मागावा लागतो (जुन्या आवृत्त्यांवर ‘डीएचक्लायंट’, dhclient, या कमांडने).

नेट आलं, पण आयपी भलताच मिळाला? राउटरमध्ये तो जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी (प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) राखून ठेवलेला असेल. तिथे नवा मॅक टाका.