जंत पोटात की डोक्यात? एकाच गोळीच्या दोन रीती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की अंगणवाडीत एक ठरलेलं दृश्य दिसतं. ताईंच्या हातात जंताच्या गोळ्या, समोर पोरांची रांग आणि मागे कडेवर बाळ घेतलेल्या आया. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर त्याला अर्धीच गोळी. ती दोन चमच्यांत दाबून कुस्करायची, पूड पाण्यात कालवायची आणि भरवायची. मोठ्या मुलांनी पूर्ण गोळी ताईंसमोर चावून खायची. नुसती गिळायची नाही, कारण लहान घशात अख्खी गोळी अडकू शकते. २०१५च्या १० फेब्रुवारीला देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. तेव्हापासून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना हे औषध असं मिळत आलं आहे. नाव अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, एकदाच.

मेंदूत जंताची गाठ झाली तर हीच गोळी मेंदूच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही असते. तिथे ती सकाळ-संध्याकाळ, दहा ते चौदा दिवस घ्यायची असते. सोबत स्टिरॉइड, सोबत फिटची गोळी, आधी डोळ्यांची तपासणी, मधे रक्ताची. घरची माणसं गोंधळतात. शाळेत फुकट वाटतात ती गोळी, तिचा एवढा बाऊ कशासाठी? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते औषधाच्या सूचना पाठ करण्यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर समजून घेतलं तर गोळी जास्त सुरक्षितपणे घेतली जाते. उत्तर एवढंच आहे की सगळं जंत कुठे बसलाय त्यावर ठरतं.

अल्बेंडाझोल जंताला मारतं ते उपासमारीने. जंताच्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून अतिशय बारीक नळ्या तयार होत असतात. पेशीचा आतला सांगाडा आणि मालाची ने-आण त्यांच्यावर चालते. औषध या प्रथिनाला चिकटतं, नळ्या तयार होणं थांबतं आणि जंताला साखर शोषून घेता येत नाही. साठवलेली साखर संपली की तो मरतो. याला काही दिवस लागतात. माणसाच्या पेशींतही ट्युब्युलिन असतं, पण त्याला हे औषध फार कमी चिकटतं. म्हणून आपण वाचतो आणि जंत मरतो.

आता खरी गंमत. अल्बेंडाझोल पाण्यात जेमतेम विरघळतं. गिळलेल्या गोळीतलं फार थोडं औषध रक्तात उतरतं, बाकीचं आतड्यातच फिरतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. गोल जंत, आकडीकृमी, चाबूककृमी हे सगळे आतड्यातच राहतात, त्यामुळे हा औषधाचा दोष न राहता गुणच ठरतो. औषध जिथे हवं तिथेच राहतं आणि बाकी शरीराला त्याची झळ फारशी लागत नाही. शाळेतली एक गोळी इतकी सुरक्षित असण्याचं हे मोठं कारण आहे. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला थोडी मळमळ, पोटदुखी किंवा एखाददुसरी उलटी होते. थोडा आराम केला की बरं वाटतं. मूल त्या दिवशी तापाने फणफणलेलं असेल तर गोळी थांबवावी आणि बरं झाल्यावर द्यावी.

मेंदूतल्या जंताची गोष्ट निराळी. हा डुकरातल्या पट्टकृमीचा अळीरूपी टप्पा. 'आम्ही माळकरी, आम्हाला हा कसा होईल?' असं लोक कळवळून विचारतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंडी न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून किंवा मातीच्या भाजीतून दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोचतात आणि तिथे पाण्याच्या फोडासारखी गाठ करून बसतात. म्हणजे डोक्यात जंत व्हायला मांस खाण्याची गरजच नाही. कोबीतली हिरवी अळीही मेंदूत जात नाही. कोबीच्या पानांत मातीबरोबर ही अंडी अडकलेली असू शकतात, म्हणून कच्चा खायचा असेल तर पान न् पान सुटं करून धुवायचं.

आपल्या देशात बहुतेकदा एकच बारीक गाठ आढळते आणि ती पहिल्यांदा कळते ती फिट आल्यावर. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या अशा एकुलत्या गाठीला पूर्वी अनेकदा क्षयाची गाठ समजून महिनोन् महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. चंडी आणि डॉ. राजशेखर यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक जंताच्या निघाल्या. कितीतरी लोकांची नको ती औषधं या कामामुळे वाचली.

तर, गाठ मेंदूत आहे आणि औषध आतड्यातच अडकून बसतं. मग काय करायचं? जेवणातल्या स्निग्धांशाची मदत घ्यायची. भरपूर स्निग्ध जेवणासोबत गोळी घेतली तर रक्तात पोचणारं औषध उपाशीपोटी घेतल्यापेक्षा पाच पटींपर्यंत वाढतं. 'भरपूर' म्हणजे साधारण ४० ग्रॅम. आपल्या ताटात मोजायचं तर भाकरीवर मोठा चमचाभर तूप, मूठभर शेंगदाण्यांची चटणी आणि पेलाभर साईचं म्हशीचं दूध. एवढ्यात ४०च्या आसपास होतात. आजारी माणसाला आपल्याकडे पातळ वरण-भात किंवा पेज देतात. त्यामागे माया असते, पण या दोन आठवड्यांत पेजेसोबत घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. मधुमेह, हृदयविकार किंवा पित्ताशयाचा त्रास असेल तर किती तूप चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावं.

औषध रक्तात उतरलं की फायद्याबरोबर त्याची झळही आली. नेहमीचा हिशेब दर किलो वजनाला दिवसाला १५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या माणसाला दहा दिवसांत साडेसात ग्रॅम औषध जातं, म्हणजे शाळेतल्या जवळजवळ एकोणीस गोळ्या. हे सगळं यकृतातून जातं. म्हणून यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला आणि मधे पुन्हा करतात. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, ताप येऊन घसा धरणं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. थोडे केस गळू शकतात. औषध संपल्यावर ते परत येतात. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर पहिली गोळी घेण्याआधी तपासणी करायलाच हवी, कारण पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळतात.

आणि स्टिरॉइड कशाला? जिवंत गाठ आपल्या प्रतिकारशक्तीपासून स्वतःला लपवून बसलेली असते. औषधाने ती मरू लागली की हे लपणं संपतं, शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि आजूबाजूचा मेंदू सुजतो. म्हणूनच औषध सुरू केल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, कधी फिट येते. ही सूज आवरायला स्टिरॉइड आधीपासून सुरू करतात. लोक नेमकं तेच मनाने सोडतात, 'स्टिरॉइड वाईट असतं' म्हणून. इथे ते सोडणं हेच धोक्याचं आहे. डोकं फार दुखू लागलं, नजर धूसर झाली, पुन्हा फिट आली तर थेट दवाखाना गाठायचा. डोळे आधी तपासतात तेही याचसाठी. डोळ्याच्या आत गाठ असेल तर ती मरताना होणाऱ्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. आणि गाठ आधीच मरून खड्यासारखी झाली असेल, तर जंताचं औषध देतच नाहीत, फक्त फिटचं देतात. मेलेल्याला पुन्हा काय मारायचं?

फिटच्या काही औषधांशी अल्बेंडाझोलचं फारसं पटत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल ही औषधं रक्तातलं त्याचं प्रमाण कमी करतात. म्हणून आपण कुठली औषधं घेतो ते सगळं सांगायचं, जमलं तर पट्ट्याच पिशवीत घालून न्यायच्या. पण फिटची गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. अल्बेंडाझोल दोन आठवड्यांत संपतं, फिटची गोळी मात्र बरेच महिने चालते.

यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कधी फिट आली असेल किंवा खूप दिवस डोकं दुखत असेल, तर मेडिकलमधून परस्पर जंताची गोळी आणून घेऊ नये. डोक्यात न कळलेली गाठ असली तर पोटासाठी घेतलेलं औषध तिला डिवचू शकतं. पट्टकृमीवर वापरलं जाणारं प्राझिक्वांटेल तर रक्तात चांगलंच उतरतं. निक्लोसॅमाइड नावाचं दुसरं औषध रक्तात जवळजवळ जातच नाही, म्हणून आतड्यातल्या पट्टकृमीसाठी डॉक्टर ते निवडू शकतात. घरात उरलेली पट्टी शेजारच्या पोराला देणंही असंच. त्याचा जंत कुठे आहे हे त्या पट्टीला माहीत नसतं.

घरात एकाला मेंदूतला जंत निघाला, तर अंडी आली कुठून हेही शोधावं लागतं. पुष्कळदा ज्याच्या आतड्यात पट्टकृमी आहे तो माणूस घरातलाच असतो, कदाचित रोज सगळ्यांना वाढणारा, आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. म्हणून डॉक्टर घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करायला सांगतात. सांगितलं नाही तर आपण होऊन विचारावं.