साठवून न ठेवता येणारी भाकर

होरेब डोंगरापासून कादेश-बर्णेपर्यंत अकरा दिवसांची वाट आहे. बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हा हिशेब दिला आहे आणि लगेच पुढच्या वचनात साल सांगितले आहे: चाळिसावे. इजिप्तच्या गुलामीतून सुटून कनान देशाकडे निघालेले इस्राएली चाळीस वर्षांनंतरही रानातच होते. वाट चुकले म्हणावे, तर तसेही नाही. गणना ग्रंथात त्यांच्या मुक्कामांची यादीच आहे. कुठून निघाले, कुठे तळ दिला, सगळे नोंदलेले. ज्यू परंपरा हे मुक्काम 42 मोजते. ज्यांनी ही यादी इतकी जिवापाड जपली, त्यांच्या लेखी ही पायपीट वाया गेलेली नव्हती. तिचा अर्थ लावायचा तर आधी पावसाचे आकडे आणि एका किड्याचे पोट पाहावे, असे मला वाटते.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘मिदबार’. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘रान’ आणि ‘अरण्य’ हे शब्द येतात. अरण्य म्हटले की आपल्याला दंडकारण्य आठवते, आणि वाळवंट म्हणावे तर वाळूच्या टेकड्या दिसू लागतात. मिदबार या दोन्हींत बसत नाही. ती चराईची जमीन आहे. इस्राएलींचा पुढारी मोशे सासऱ्याची मेंढरे हाकत होरेबपर्यंत गेला, तो मिदबारातूनच. तिथल्या कोरडवाहू शेतीला वर्षाला किमान 200 ते 250 मिलिमीटर पाऊस लागतो. इस्राएलच्या दक्षिणेतल्या नेगेव या रुक्ष पट्ट्याच्या उत्तरेकडचे बैर-शेबा जेमतेम त्या रेषेवर आहे, आणि दक्षिणेला सिनाईच्या बहुतेक भागात 100 मिलिमीटरही पडत नाही. आपला दुष्काळी माण तालुकासुद्धा याहून कितीतरी ओला! हिवाळ्यात तिथे चार दिवस गवत उगवते, मेंढरू जगते, पण पेरणी होत नाही. यिर्मया संदेष्टा या प्रदेशाला ‘न पेरलेली भूमी’ म्हणतो. जिथे पेरणी नाही, तिथे कणगी नाही, पेव नाही, कोठार नाही.

आता हे लोक कुठून आले ते पाहा. निर्गम ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात हे गुलाम फारोसाठी, म्हणजे इजिप्तच्या राजासाठी, पिथोम आणि रामसेस ही नगरे बांधतात, आणि ती कोठारांची नगरे आहेत. त्याआधी उत्पत्तीत योसेफाची गोष्ट येते. दुष्काळात इजिप्तचे लोक राजाच्या कोठारातल्या धान्यासाठी आधी पैसा देतात, मग गुरे, मग जमिनी, आणि शेवटी स्वतःलाच विकतात. ज्याच्या कोठारात धान्य, त्याच्या दावणीला माणसे. कोठारे बांधून ज्यांच्या पाठी मोडल्या, त्यांना ही कथा अशा ठिकाणी आणते जिथे साठवलेले अन्न रातोरात नासते.

ते अन्न म्हणजे मान्ना. पहाटेचे दव उडाले की जमिनीवर बारीक कण दिसत. धण्यासारखे, पांढरे, चवीला मध घातलेल्या पोळीसारखे. ऊन चढले की विरघळून जात. लोक एकमेकांना विचारत, ‘मान हू?’ हे काय आहे? त्यावरूनच नाव पडले.

सिनाईच्या ओढ्यांच्या पात्रात झाऊची झुडपे असतात. 1927 साली कीटकशास्त्रज्ञ फ्रिट्झ बोडेनहायमर आणि ऑस्कर थिओडोर यांनी तिथे जाऊन या झुडपांवरची खवलेकीड अभ्यासली. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण नायट्रोजनयुक्त पोषण फार थोडे. तेवढ्यासाठी किडा रस शोषत राहतो आणि नको असलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. ज्वारीवर मावा पडला की पानांवर जो चिकटा दिसतो, हात लावला तर बोटे चिकटतात आणि मुंग्यांची रांग लागते, तोच हा प्रकार. फरक हवेचा. वाळवंटी कोरडेपणात थेंबातले पाणी झपाट्याने उडते, गोड दाणा उरतो आणि खाली पडतो. ऊन वाढले की तो मऊ होतो, मुंग्याही तो उचलून नेतात, म्हणून वेचायचा तो पहाटेच. तिथले भटके अरब, म्हणजे बेदुइन लोक, आजही त्याला ‘मन्न’ म्हणतात.

इथे ‘चमत्काराचा उलगडा झाला’ म्हणून पुस्तक मिटण्याचा मोह होतो. पण मला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. 1816 मध्ये सिनाईत फिरलेल्या योहान बुर्कहार्टने लिहून ठेवले आहे की बेदुइन हा मान्ना उकळतात, फडक्याने गाळतात, कातडी पिशव्यांत भरतात आणि पुढच्या वर्षापर्यंत पुरवून भाकरीवर मधासारखा घेतात. म्हणजे झाडावरचा मान्ना टिकतो! ग्रंथातला मात्र टिकत नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडतात, घाण सुटते. फक्त शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळतो आणि तेवढाच टिकतो. वेचताना कुणी जास्त घेतला, कुणी कमी, पण मोजायला बसले तर माणशी एक ओमर, म्हणजे त्या काळचे एक माप. जास्त घेणाऱ्याकडे उरले नाही, कमी घेणाऱ्याला कमी पडले नाही. किडा साखर देतो. हा नियम किडा देत नाही. निसर्गापासून कथा नेमकी जिथे फारकत घेते, तिथेच तिला काय म्हणायचे आहे ते कळते.

लोकांना हे सोपे गेले नाही, आणि ग्रंथ ते लपवत नाही. इजिप्तमध्ये फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवून ते रडतात. गुलामीतला लसूणसुद्धा त्यांना गोड लागतो. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात तुटते, कारण रडणारी ती माणसे अगदी ओळखीची वाटतात.

हे सगळे असेच घडले का? गणना ग्रंथ लढाऊ पुरुषच 6,03,550 सांगतो. बायकामुले धरली तर वीस लाखांवर जमाव. सिनाईत त्या काळातल्या एवढ्या मोठ्या वस्तीची खूण उत्खननांत मिळालेली नाही. कादेश-बर्णे मानल्या जाणाऱ्या टेकडीवरचे किल्ले कथेतल्या काळानंतरचे, लोहयुगातले निघाले. आज हाती असलेल्या मजकुराचा मोठा भाग इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडल्यावर, बाबेलच्या बंदिवासात आणि त्यानंतर आकाराला आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. देश नाही, मंदिर नाही, राजा नाही, अशी ती माणसे होती. आपला सगळा कायदा आपल्याला कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या रानात मिळाला, ही आठवण त्यांना किती धीर देत असेल!

मान्नाचा एक ओमर मात्र मुद्दाम साठवला गेला. बुधलीत भरून, खाण्यासाठी नाही, पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी. आणि यहोशवाच्या ग्रंथात, यार्देन नदी ओलांडल्यावर गिलगालला वल्हांडण, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा सण, साजरा करून लोकांनी कनान देशातले पहिले भाजलेले धान्य खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून मान्ना पडायचा थांबला.