पट्टेदार घायपात

घायपाताचा (ॲगेव्ह अमेरिकाना) रंगीत पानांचा बागायती प्रकार. कुल शतावरीचे, मूळ प्रदेश मेक्सिको आणि टेक्सास. हिरवे घायपात, म्हणजे केकताड, महाराष्ट्रात बांधावरचे कुंपण म्हणून जुने आहे. त्याच्या वाखाचे, म्हणजे पानांतल्या धाग्यांचे, दोर वळले जात. पट्टेदार प्रकार मात्र शोभेसाठीच लावतात. ‘मार्जिनाटा’ जातीच्या पानाला दोन्ही बाजूंनी पिवळा काठ असतो, तर ‘मीडिओपिक्टा’मध्ये पट्टा पानाच्या मधोमध उतरतो. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसल्यासारखेच, त्यामुळे ही झाडे हिरव्या घायपातापेक्षा सावकाश वाढतात.

घायपाताची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली राहतात. उन्हात पाणी उडून जात नाही, शिवाय जाड पानांत साठाही असतो. म्हणूनच नाशिकचा कोरडा एप्रिल-मे त्याला सोसतो. सोसत नाही तो पावसाळा. नाशिक शहरात साधारण ७०० मिमी. पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये; त्यात काळी जमीन पाणी धरून ठेवते. अशा चिखलात मुळे आणि बुंधा कुजतो, आतली पाने मऊ पडतात, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. या भागात घायपात तहानेने मेल्याचे क्वचितच दिसते. ते मरते काळजीपोटी घातलेल्या पाण्याने.

त्यामुळे लागवडीत सर्वांत महत्त्वाचा निचरा. जमिनीत लावायचे तर फूटभर उंचवटा करून त्यात मुरूम, जाड वाळू आणि थोडेच शेणखत मिसळावे. कुंडी मातीची, मोठ्या भोकाची घ्यावी. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर, साधारण १०-१५ दिवसांनी पाणी पुरते. थंडीत महिन्यातून एकदा. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या आडोशाला, पण उजेडात ठेवावी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उघड्यावर हे झाड लावूच नये. सिन्नर-येवल्याच्या मुरमाड जमिनीत ते जवळजवळ आपले आपण वाढते. निफाडचा पारा थंडीत कधी ५ अंशांखाली जातो, तेवढी थंडी कोरड्या मातीतले झाड सहन करते.

रोपवाटिकेत शेडनेटखाली वाढलेले रोप आणल्या आणल्या एप्रिलच्या उन्हात ठेवले, तर पिवळा काठ भाजतो आणि तो डाग कधीच जात नाही. दोन-तीन आठवडे सकाळचेच ऊन देऊन मग उघड्यावर न्यावे. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (पांढरी, रस शोषणारी कीड) बसतो. द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको! कापसाच्या बोळ्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी.

अभिवृद्धी बुंध्याशी येणाऱ्या पिलांपासून करतात. बियांच्या रोपांत पट्टा टिकत नाही. पिलू वीतभर झाले की धारदार सुरीने वेगळे करून काप सुकेपर्यंत ४-५ दिवस सावलीत ठेवावे, मग लावावे. पूर्ण हिरवे पिलू निघाले तर लगेच काढावे, कारण ते जोमाने वाढून पट्टेदार झाडाला दडपते. रसाने कातडीला आग होते, म्हणून हातमोजे हवेत. पानाच्या टोकाचा काटा डोळ्याला इजा करू शकतो. लहान मुले असलेल्या घरी तेवढे टोक कात्रीने छाटावे, पान मरत नाही.

साधारण १० ते ३० वर्षांनी झाड एकदाच फुलते. मधून ५ ते ८ मीटर उंच दांडा निघतो, त्यावर पिवळट फुलांचे झुबके येतात, आणि त्यानंतर काही महिन्यांत मूळ झाड वाळून जाते. तोवर बुंध्याशी पिले उभी झालेली असतात.