बायनरी सर्च (द्विभाजन शोध)

क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधायची ही पद्धत. यादीतला मधला घटक बघायचा, आपल्याला हवं ते त्याच्या आधी येईल की नंतर ते ठरवायचं, नको असलेली अर्धी बाजू सोडून द्यायची आणि परत तेच. 10 लाख नोंदींत जास्तीत जास्त 20 तुलना लागतात, 100 कोटींत 30.

सुरुवात नेमकी कुठली धरायची हा जरा अवघड प्रश्न आहे. इ.स.पू. 200 च्या सुमाराची इनाकिबित-अनू याची बॅबिलोनी मातीची पाटी आहे, तिच्यावर व्यस्त संख्यांचं (2 ची 1/2, 3 ची 1/3 अशा) क्रमाने लावलेलं कोष्टक आहे, त्यामुळे मूळ तिथपर्यंत न्यायचा मोह होतो, पण पाटीवर क्रम दिसतो, शोधायची रीत दिसत नाही. म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी दिलेला उल्लेखच धरलेला बरा: 1946 मध्ये अमेरिकेतल्या मूर स्कूलच्या संगणकांवरच्या व्याख्यानमालेत जॉन मॉकली यांनी ही पद्धत मांडली. तरीसुद्धा कितीही लांबीच्या यादीवर चालणारी रीत छापून यायला 1960 उजाडलं, ती गणितज्ञ डी. एच. लेमर यांची, त्याआधीच्या रीतींना 7, 15, 31 अशी, म्हणजे दोनाच्या घातापेक्षा एकने कमी लांबी लागायची.

इतकी सोपी वाटणारी गोष्ट चुकते कुठे, तर मधला काढताना. शोधायच्या भागाच्या दोन टोकांचे क्रमांक डावा आणि उजवा धरून (डावा + उजवा) / 2 असं लिहिलं आणि यादी प्रचंड असली की बेरीज 32 बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा, म्हणजे साधारण 214 कोटी, ओलांडते आणि उत्तर ऋण येतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) ही चूक जवळपास 9 वर्षं होती, जोशुआ ब्लॉक यांनी 2006 मध्ये त्याबद्दल लिहिलं. डावा + (उजवा − डावा) / 2 लिहिलं की प्रश्न मिटतो.

गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही आज्ञा याच तत्त्वावर चालते, 1000 बदलांतला बिघडवणारा बदल साधारण 10 तपासण्यांत सापडतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी क्रमाकडे खास लक्ष द्यायला हवं. आपल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी येतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक (कोड) देणाऱ्या पद्धतीत, क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून नुसत्या कोडने तुलना केली की तो क मध्येच जातो. यादी वर्णमालेप्रमाणे लावलेली आणि तुलना कोडने केली तर 'क्षमा' शोधताना मध्ये 'पाणी' आलं की प्रोग्राम डावीकडे वळतो आणि ज्या अर्ध्यात शब्द आहे तेच अर्धं टाकून देतो, शब्द यादीत असूनही सापडत नाही. क्रम लावताना जी तुलना वापरली तीच शोधतानाही वापरावी लागते.