हातच्या शुभेच्छापत्रामागचा कागद, कात्री आणि टपालखर्च

घरी शुभेच्छापत्र करायला पहिल्यांदाच बसलेल्या माणसासमोर बहुधा बाजारातून आणलेली कार्डशीट, कापून तयार मिळणारी कागदी फुले, चिकटवायच्या टिकल्या आणि गोंदाची बाटली असते. हे सगळे मांडून झाले, की यातले आपण स्वतः केलेले ते काय, अशी शंका त्याच्या मनात डोकावते. या कलेचा मागोवा घेतला तर ती शंका टिकत नाही. शुभेच्छापत्रात हाताचा वाटा पूर्वीपासून मुख्यत्वे निवडीचा आणि जोडणीचा राहिला आहे. काय जोडायचे आणि किती, हे मात्र त्या त्या काळच्या कागदाने आणि टपालखात्याने ठरवले.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात व्हॅलेंटाइनच्या दिवसासाठी प्रेमपत्रे हाताने सजवली जात. त्या काळी टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे आणि लिफाफाही एक वेगळा कागद म्हणून मोजला जाई. साहजिकच लिफाफ्याची चैन फार थोड्यांना परवडे. एकाच कागदावर लिहून, चित्रे काढून, त्याचीच घडी घालून लाखेने बंद करण्याची पद्धत रूढ होती. पाकळ्यांसारख्या एकेक करून उलगडणाऱ्या घड्यांची कोडेवजा पत्रे त्याच काळातली. १० जानेवारी १८४० रोजी रोलंड हिल यांची पेनी पोस्ट योजना लागू झाली आणि अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असले तरी, एका पेनीत जाऊ लागले. मोजणी कागदांवरून वजनावर आल्यामुळे लिफाफा आणि त्यात जपून ठेवलेले नाजूक, बहुपदरी पत्र या दोन्ही गोष्टी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या.

याच टपालसुधारणेसाठी झटलेल्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे एक शुभेच्छापत्र काढून घेतले. त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाप्रेसवर छापल्या गेल्या. रंग मात्र हातानेच भरलेले होते. व्यापारी शुभेच्छापत्रांचा आरंभ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तेसुद्धा असे अर्धे हातचेच होते. एका प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांच्या टपालखर्चाइतकी होती.

आजच्या नवशिक्याचे खरे पूर्वसूरी मात्र अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर या गावी सापडतात. तेथील कागदविक्रेत्याची मुलगी एस्थर हाउलंड हिने १८४७ मध्ये माउंट होल्योक येथील शिक्षण पूर्ण केले. पुढे तिच्या पाहण्यात एक इंग्रजी व्हॅलेंटाइन-पत्र आले आणि याहून चांगले आपल्याला करता येईल, असे तिला वाटले. तिने वडिलांकरवी इंग्लंडहून जाळीदार कागद आणि रंगीत छापील चित्रे मागवली. ही कागदी जाळीही यंत्राचीच देणगी होती. साच्यात दाबून उठाव दिलेल्या कागदाचे उंचवटे घासून काढले, की तेथे बारीक छिद्रे पडून लेससारखी नक्षी तयार होते. हाउलंडने काही नमुने तयार करून विक्रीच्या दौऱ्यावर निघालेल्या भावाकडे दिले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, अशी अपेक्षा असताना तो पाच हजारांहून अधिक डॉलरची मागणी घेऊन परतला. मग मैत्रिणींना जमवून घराच्या माडीवर काम सुरू झाले. एकीने चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमी रचायची, तिसरीने चिकटवायचे, अशी वाटणी होती. पांढऱ्या जाळीखाली रंगीत कागदाचा तुकडा घालून नक्षी खुलवणे आणि थरांच्या मध्ये कागदाच्या घडीदार स्प्रिंगा ठेवून चित्र उचलून धरणे, या तिच्या खास युक्त्या मानल्या जातात. आज आपण दोन थरांमध्ये फोमची टेप लावतो, ती याच स्प्रिंगेची वंशज. व्याप वाढल्यावर घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांकडे साहित्य आणि सूचना भरलेल्या पेट्या पोहोचवल्या जात आणि तयार माल परत नेला जाई. हल्ली नवशिक्यांसाठी तयार ‘किट’ विकत मिळते, तेव्हा या पेट्यांची आठवण होते. १८८१ मध्ये हाउलंडने आपला व्यवसाय जॉर्ज व्हिटनी यांना विकला. तोवर बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी रंगीत शिळाछपाईची शुभेच्छापत्रे बाजारात आणली होती आणि पुढच्या शतकात छापील पत्रांचाच बोलबाला राहिला.

आपल्याकडे १८५४ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच टपालदर ठरला, पण अर्ध्या आण्यात जेमतेम पाव तोळा, म्हणजे तीन ग्रॅमहून कमी वजन जाई. आजचा साधा ए-४ कागदच पाच ग्रॅमचा भरतो, त्यामुळे सजवलेल्या पत्राला त्या दरात वाव नव्हता. कागदाची परंपरा मात्र जुनी होती. दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर येथील हातकागद दगडाने घोटून गुळगुळीत करून दप्तरांसाठी वापरला जाई. गिरणीच्या कागदापुढे मागे पडलेल्या या धंद्याला ग्रामोद्योगाच्या चळवळीने नवे बळ दिले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांपासून केलेला तेथील जाड, खडबडीत कडांचा कागद शुभेच्छापत्रांसाठी फार सोयीचा पडतो. गिरणीच्या कागदातील तंतू बरेचसे एका दिशेने बसलेले असतात, म्हणून त्या दिशेला आडवी घडी घातली की तो फुटतो. हातकागदात ही अडचण क्वचितच येते.

मराठी घरांत हातच्या शुभेच्छापत्राचा शिरकाव झाला तो बव्हंशी शाळेतून. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि भेंडीचे ठसे, रंगात बुडवून घडीत ओढलेला दोरा, पानावर टूथब्रशने उडवलेले शिंतोडे ही तंत्रे तासाला आली. आकृती ठरलेली, पणती ठरलेली, मजकूरही फळ्यावरचा; हा साचेबंदपणा मला तेव्हाही खटकत असे, पण कात्री हातात आली ती तिथेच, हेही नाकारता येत नाही. दिवाळीच्या पत्रांहून संक्रांतीची पत्रे अधिक आपली वाटत, कारण त्यांच्याबरोबर लिफाफ्यात तिळगूळ किंवा काटेरी हलव्याचे दाणे जात. टपालाच्या शिक्क्याखाली सापडून त्यांचा पुष्कळदा चुरा होई आणि पत्र उघडताच साखर मांडीवर सांडे.

वजनाचा हिशेब आजही चुकत नाही. २५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणाऱ्या, अख्ख्या ए-४ कागदाचे पत्र लिफाफ्याशिवायच साडेपंधरा ग्रॅमच्या पुढे जाते आणि आपल्या टपालात साध्या पत्रासाठी वर्षानुवर्षे वीस ग्रॅमचा पहिला टप्पा धरला गेला आहे. तोच कागद मधोमध कापून त्याची दोन पत्रे केली, तर प्रत्येकी आठ ग्रॅमच्या आत भागते आणि जाळी, टिकल्या, हवे तर हलव्याचे दोन दाणेही त्यात बसतात.