पिंपरीच्या मातीतला जंतू

मायक्रोबायॉलॉजीचं फ्युचर म्हटलं की लोक लगेच जीन एडिटिंग आणि एआयवर उडी मारतात. मारू देत, पण आपल्याकडे हे सगळं कुठून सुरू झालं ते बघायचं तर आधी परळ आणि मग पिंपरी गाठावी लागते.

1896 ला मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवायला घेतली. मटणाच्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडायचे, प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, मग ते गरम करून मारायचे, झाली लस. 10 जानेवारी 1897 ला ती त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याची लॅब 1899 ला परळला गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तोपर्यंत जंतू म्हणजे दुश्मन, एवढंच गणित होतं.

ते बदललं पेनिसिलिनमुळे, कारण हे औषध एक बुरशीच बनवते. हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखी, त्यांनी हे औषध इथेच बनावं म्हणून बरीच खटपट केली आणि 1954 ला डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पिंपरीकरांसाठी नुसतं 'एचए'. कंपनी सरकारी, काम गोळ्या-इंजेक्शनं बनवायचं, पण तिथे रिसर्चही दणक्यात चालायचा हे आता कुणाला फारसं आठवत नाही. थिरुमलाचार हे मूळचे बुरशीतज्ज्ञ, त्यांच्या टीमने 1961 मध्ये एक नवीन स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे मातीतला एक जंतू, जगापुढे आणला, त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून मिळालं हॅमायसिन, म्हणजे बुरशीवरचं औषध. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं, आवरणाला गळती लागते आणि बुरशी मरते. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही इथलंच. म्हणजे पिंपरीचं नाव जंतूंच्या यादीत कायमचं लागलं, आणि एचएचं काय झालं? नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांत गेली आणि 2016 ला केंद्राने तिची जादा जमीन विकून देणी भागवायला मंजुरी दिली. मला तर हे लागतंच.

आता पुण्यात नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे, तिथे जंतूंची लाखाच्या वर जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेले नमुने, सांभाळून ठेवलीत. काम दिसायला कंटाळवाणं, गोठवा, नोंद करा, मागेल त्याला पाठवा, पण माझ्या मते पुढची खरी मदार यावरच आहे, कारण मातीतले बहुतेक जंतू लॅबमधल्या प्लेटवर वाढतच नाहीत आणि नुसता डीएनए वाचून औषध हातात येत नाही. जून 2020 ला लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेने हॅलोआर्किया शोधून काढले, हे मिठात मजेत राहणारे जीव. बातमी दोन दिवस गाजली आणि विसरली, पण असले जीव काय काय बनवतात ते तपासायला पैसे आणि माणसं वर्षानुवर्षं लागतात.

2024 मध्ये नॅफिथ्रोमायसिन आलं, वोकहार्टचं, भारतात तयार झालेलं नवीन अँटिबायोटिक म्हणून कौतुकही झालं आणि ते रास्तच, पण ते ज्या एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातलं आहे ते फिलिपाइन्सच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं, तेही सत्तर वर्षांपूर्वी.